गरिबांच्या ताटातील सत्त्व शोधणाऱ्या विदुषी : डॉ. कमला सोहोनी

विज्ञानसंस्थेचे बंद दार सत्याग्रहाने उघडणाऱ्या, केंब्रिजची सर्वोच्च पदवी मिळवून मायदेशी परतलेल्या आणि उर्वरित आयुष्य कडधान्ये, नीरा व भाताचे पीठ यांसारख्या साध्यासुध्या अन्नाच्या अभ्यासासाठी वेचणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

नाशिक शहर मागे टाकून सावळघाट ओलांडला की पेठ तालुक्याचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. गुजरातच्या सीमेला भिडलेल्या या भागात कोकणा, महादेव कोळी व वारली समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांवरून बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. खाचरांत भात आणि उताराच्या जमिनीवर नागली, वरई, उडीद, कुळीथ, खुरासणी ही येथील पिके. हंगाम संपला की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा नाशिकमधील बांधकामांवर मजुरीसाठी उतरतात.

अशा घरांतील अन्नाचा कारभार पूर्वापार आजीकडे असतो. अंगावरचे दूध पुरेनासे झाले की बाळाला नागलीची पेज कधी द्यायची, बाळंतिणीच्या पानात काय असावे, कुळीथ किती वेळ भिजवावेत, कोणती रानभाजी पहिल्या पावसानंतर खावी आणि कोणती टाळावी, हे सारे तिला ठाऊक असते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आहारशास्त्राची जी पुस्तके आपल्याकडे आली, त्यांत दूध, अंडी, मांस आणि गव्हाची रोटी यांचा महिमा होता. नागलीची भाकर, वालाचे बिरडे किंवा झाडावरून पहाटे उतरविलेली नीरा यांना त्या पुस्तकांत स्थान नव्हते. गरिबाचे अन्न निकृष्टच असणार, असे जणू गृहीत धरले गेले होते.

हे गृहीत प्रयोगशाळेत तपासून पाहावे, असे ज्या थोड्या भारतीय शास्त्रज्ञांना वाटले, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे. नागली हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय नव्हता. परंतु पेठसारख्या भागातील ताटाकडे शास्त्रज्ञाने कोणत्या नजरेने पाहावे, याचा धडा त्यांच्या कामातून मिळतो. दुर्दैवाने आजच्या पिढीला त्यांचे नाव माहीत असले, तर ते बहुधा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याशी झालेल्या संघर्षामुळेच. तो संघर्ष महत्त्वाचा आहेच; पण त्यापुढची साठ वर्षे त्याहून अधिक महत्त्वाची आहेत.

रसायनशास्त्रज्ञांचे घराणे

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. घराण्यात विद्येची परंपरा होती. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून १९०९ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या आणि लोकांच्या तोंडी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने रुळलेल्या विज्ञानसंस्थेतून आरंभीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत या दोघा बंधूंचा समावेश होता. घरातील बोलण्यात रसायनांची नावे सहज यावीत, असे ते वातावरण होते.

कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे मराठी साहित्यातील मानदंड ठरलेल्या दुर्गाबाई भागवत. एक बहीण लोकसाहित्याच्या वाटेने गेली, तर दुसरी जीवरसायनशास्त्राच्या. वाटा वेगळ्या असल्या, तरी दोघींचा पिंड एकच होता. पटले नाही तर ते सांगायचे, आणि सांगितल्यावर त्याची किंमत मोजायची तयारी ठेवायची. दुर्गाबाईंच्या या बाण्याचे दर्शन १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाध्यक्षपदाच्या वेळी आणि आणीबाणीच्या काळात साऱ्या महाराष्ट्राला घडले. धाकट्या बहिणीने तो बाणा त्याच्या चार दशके आधी बंगळूरमध्ये दाखविला होता. मात्र तेथे श्रोते नव्हते आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही नव्हते.

१९३३ मध्ये कमलाबाई रसायनशास्त्र हा प्रमुख व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले, तेथेच संशोधन करायचे, हे त्यांनी मनाशी ठरविले होते. गुण पाहता प्रवेशात काही अडचण येण्याचे कारण नव्हते.

बंगळूरचे बंद दार

अडचण आली ती कमलाबाई स्त्री असल्यामुळे. त्याच वर्षी सर रामन यांनी बंगळूरच्या संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळवून देशाची मान उंचावणारे, संस्थेचे पहिले भारतीय संचालक असलेले रामन हे तेव्हा साऱ्या तरुण पिढीचे दैवत होते. या दैवतानेच कमलाबाईंचा अर्ज नाकारला. संशोधनाचे काम स्त्रियांच्या कुवतीतले नाही, अशी त्यांची धारणा होती.

असा नकार आल्यावर मुकाट्याने माघारी फिरणे, हाच त्या काळचा रिवाज होता. कमलाबाईंनी तो पाळला नाही. त्या बंगळूरला जाऊन संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. गुणांमध्ये कमतरता दाखवा, अन्यथा प्रवेश द्या, अशी त्यांची भूमिका होती. रामन बधत नाहीत, हे दिसताच त्यांनी त्यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह आरंभिला. गांधीजींच्या हाकेने देश ढवळून निघालेला तो काळ. मिठासाठी आणि मंदिरप्रवेशासाठी वापरले गेलेले हे शस्त्र एका तरुणीने प्रयोगशाळेच्या प्रवेशासाठी उचलले, ही घटना भारतीय विज्ञानाच्या इतिहासात वेगळीच म्हटली पाहिजे.

अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींसह. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. कामाची प्रत पटल्यावरच संशोधनाला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. तिसरी अट सर्वांत बोचणारी होती. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू नये, याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकण्यात आली होती. कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या. पण त्यातील अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. रामन यांच्या थोरवीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि त्यांच्या संकुचित दृष्टीबद्दलही नव्हती. उत्तरायुष्यात त्यांनी या दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे सांगितल्या.

मार्गदर्शक लाभले ते मात्र गुणग्राहक होते. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कठोर, पण शिकविण्याच्या बाबतीत हातचे न राखणारे गुरू. त्यांच्या हाताखाली कमलाबाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबल्या. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा. भारतीय माणसाच्या, त्यातही मांसाहार न करणाऱ्या किंवा तो न परवडणाऱ्या माणसाच्या शरीराची बांधणी ज्या प्रथिनांवर अवलंबून असते, त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तेव्हा फारसा झालेला नव्हता. विषयाची ही निवड त्यांच्या पुढील साऱ्या कारकिर्दीची दिशा ठरविणारी ठरली.

वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनीचा दर्जा मिळाला आणि १९३६ मध्ये त्या एम.एस्सी.ची पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन करून बाहेर पडल्या. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे इतर मुलींनाही संस्थेत प्रवेश दिला. एका मुलीने सोसलेल्या वर्षभराच्या परीक्षेमुळे मागून येणाऱ्यांची वाट काही अंशी मोकळी झाली. काही अंशी, असेच म्हणावे लागते. कारण स्त्रियांच्या गुणवत्तेवर शंका घेण्याची वृत्ती त्या एका निर्णयाने संपली नाही, याचा अनुभव कमलाबाईंना पुढे मुंबईतही आला.

केंब्रिज आणि बटाटा

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांचे वास्तव्य होते आणि काम सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. प्रथिने, स्निग्ध व पिष्टमय पदार्थ आणि क्षार एवढ्यांवरच शरीराची वाढ होत नाही, त्यासाठी अन्नात आणखी काही सूक्ष्म घटक लागतात, हे प्रयोगांनी दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे हॉपकिन्स. या घटकांना पुढे जीवनसत्त्वे हे नाव मिळाले आणि या कार्यासाठी हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. आहारशास्त्राच्या अभ्यासकाला याहून योग्य ठिकाण दुसरे नव्हते.

या प्रयोगशाळेचा आणखी एक विशेष होता. त्या काळच्या रीतीच्या विरुद्ध जाऊन हॉपकिन्स यांनी अनेक स्त्री संशोधकांना आपल्याकडे काम दिले होते. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम यांच्यासारख्या विदुषी तेथे कार्यरत होत्या. बंगळूरमध्ये जिच्या उपस्थितीने वातावरण बिघडण्याची भीती वाटत होती, तिला केंब्रिजमध्ये सहकारी म्हणून वागणूक मिळाली. अर्थात विलायतेतही सारे आलबेल नव्हते. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी देण्यास प्रारंभ केला, तो १९४८ मध्ये.

प्रारंभी डॉ. डेरेक रिश्टर यांच्याबरोबर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी संशोधन केले. हिल हे वनस्पतींच्या श्वसनाचे आणि प्रकाशसंश्लेषणाचे गाढे अभ्यासक. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. प्राणिमात्राच्या पेशींमध्ये अन्नातून ऊर्जा मिळविण्याची जी साखळी चालते, तीत सायटोक्रोम सी या घटकाला मोठे महत्त्व आहे. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे घागर द्यावी, तसा हा घटक इलेक्ट्रॉन पुढे सरकवितो. प्राण्यांच्या पेशींत तो असल्याचे ज्ञात होते. वनस्पतींच्या पेशींतही हीच व्यवस्था आहे, याचा पुरावा कमलाबाईंच्या कामातून पुढे आला. बटाट्याची पेशी आणि माणसाची पेशी श्वास घेण्याच्या बाबतीत एकमेकींच्या सख्ख्या आहेत, असा या संशोधनाचा अर्थ होता. हिल आणि भागवत या जोडनावाने यासंबंधीचे टिपण १९३९ मध्ये नेचर या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. केंब्रिजला आल्यापासून दीड वर्षाच्या आतच त्यांनी तो सादर केला. विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, अशी त्यांची ओळख त्यामुळे रूढ झाली. पानांची संख्या पाहून कोणी नाक मुरडले असते, तर त्यात आश्चर्य नव्हते. परंतु जे सांगायचे ते मोजक्या शब्दांत आणि पुराव्यानिशी सांगावे, ही सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

दिल्ली आणि कुन्नूर

१९३९ मध्ये, युरोपवर महायुद्धाचे ढग दाटून आले असताना, कमलाबाई भारतात परतल्या. तेथेच राहून संशोधनाची कारकीर्द घडविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु आपल्या विद्येचा उपयोग आपल्या देशातील लोकांना व्हावा, हा विचार प्रबळ ठरला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्राध्यापक व प्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले.

कुन्नूरची ही प्रयोगशाळा भारतीय आहारशास्त्राची गंगोत्री होय. सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तेथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीतील फरक तपासला होता. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. आयक्रॉइड यांच्या काळात भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक १९३७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. पेठच्या आजीच्या नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, चुना म्हणजे कॅल्शियम असते, हे आपण आज आकड्यानिशी सांगू शकतो, ते या परंपरेमुळे.

कमलाबाई या क्षेत्रात होत्या तो काळ भीषण होता. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून तडफडून मेली. उपासमार म्हणजे काय, हे प्रश्न आहारशास्त्रज्ञांसमोर पुस्तकातून नव्हे, तर रस्त्यावरून येत होते. देशाच्या गरिबाला स्वस्तात आणि पुरेसे पोषण कसे मिळेल, हा प्रश्न अशा काळात प्रत्येक विचारी संशोधकाच्या मनात घर करून राहिला असल्यास नवल नाही.

मुंबईची प्रयोगशाळा आणि वालाचे कोडे

१९४७ मध्ये विमागणितज्ञ माधवराव सोहोनी यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी त्यांच्या संसाराचीही सुरुवात झाली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळच्या त्या दगडी, देखण्या इमारतीत, जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता. तेथे त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. पुढील दोन दशके हीच त्यांची कर्मभूमी होती.

नव्या विभागात सारे काही नव्याने उभारायचे होते. कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसाठी विषय निवडले ते मुद्दाम आपल्या मातीतले. कडधान्यांची प्रथिने, नीरा आणि धान-आटा म्हणजे भाताचे पीठ या तीन विषयांभोवती त्यांच्या विभागाचे संशोधन फिरत राहिले. तिन्हींमध्ये समान धागा एकच होता. ही सारी देशातील गरिबांच्या पोटात जाणारी अन्ने होती.

यांपैकी कडधान्यांचे काम मराठी घराला विशेष जवळचे वाटावे असे आहे. वाल कच्चे खाऊ नयेत, ते भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवावेत, हे आपल्याकडील कोणतीही आजी सांगते. यामागचे कारण मात्र तिला विचारण्याची पद्धत नव्हती. आपल्या आतड्यात प्रथिनांचे पचन घडवून आणणारा ट्रिप्सिन नावाचा एक विकर असतो. वालासारख्या काही कडधान्यांमध्ये या ट्रिप्सिनला अडवून धरणारे पदार्थ असतात. ते पोटात गेले की प्रथिने असूनही नीट पचत नाहीत; खाल्लेले अंगी लागत नाही. भारतीय खाद्यपदार्थांतील या अडथळ्यांचा कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसमवेत पद्धतशीर शोध घेतला. वाल आणि डबल बीन यांमधून हे पदार्थ स्फटिकांच्या शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात त्यांच्या प्रयोगशाळेला यश आले आणि १९५५ मध्ये हे संशोधन नेचरमध्ये प्रसिद्ध झाले.

नीट उष्णता दिली की या अडथळ्यांचा बराचसा जोर नाहीसा होतो, हे आहारशास्त्राला आता चांगलेच ठाऊक आहे. म्हणजे आजीच्या चुलीवर जे पिढ्यान् पिढ्या घडत होते, त्याचा उलगडा होण्यास मुंबईच्या या प्रयोगशाळेने हातभार लावला. परंपरेचे अंधपणे कौतुक करावे किंवा ती अडाणीपणाची म्हणून झिडकारावी, या दोन्ही टोकांपासून कमलाबाई दूर होत्या. त्या परंपरेला परीक्षानळीत घालून पाहत होत्या. कसाला उतरेल ते स्वीकारायचे आणि उतरणार नाही ते सोडून द्यायचे, ही त्यांची रीत होती.

नीरेचा अभ्यास

कमलाबाईंचे नाव ज्या कामाशी कायमचे जोडले गेले, ते काम नीरेचे. ताड, माड किंवा शिंदी यांच्या झाडाला चीर देऊन रात्रभर गाडग्यात ठिबकणारा गोड रस म्हणजे नीरा. सूर्य वर येऊ लागला की हा रस आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. म्हणून गाडग्याला आतून चुना लावायचा, पहाटेच झाड उतरायचे आणि ताजा रस थंड ठेवायचा, अशी खटपट करावी लागते. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर ताडी काढणाऱ्या कुटुंबांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला. ताडीऐवजी नीरा आणि ताडगूळ यांचा व्यवसाय हा त्यावरील गांधीवादी उपाय होता. मुंबईकरांना रेल्वे स्थानकांवरील नीरा विक्री केंद्रे परिचित आहेत. ती याच विचारातून आली.

परंतु नीरा खरोखरच पौष्टिक आहे, की ते केवळ साखरेचे पाणी आहे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे नीरेचे पृथक्करण केले. तीत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. रस आटवून ताडगूळ आणि काकवी केली, तरी हे घटक बऱ्याच अंशी टिकून राहतात, असेही दिसून आले. गरिबाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा होता. कारण नीरा काही तासांत नासते, गूळ मात्र महिनोन् महिने टिकतो.

पृथक्करणावर कमलाबाई थांबल्या नाहीत. परीक्षानळीतील आकडे माणसाच्या शरीरात खरे ठरतात का, हे पाहणे त्यांना आवश्यक वाटले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून निरीक्षणे करण्यात आली. त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाल्याचे दिसले. रोजच्या जेवणाला स्वस्तात जोड देता येईल असा एक पदार्थ गावाच्या शिवारातच उभा आहे, हे यातून सिद्ध झाले. या कार्यासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्काराने गौरविण्यात आले.

आरे दूध प्रकल्पाच्या प्रशासनालाही त्यांनी दुधाचा दर्जा राखण्याच्या कामी सल्ला दिला. मुंबईच्या लाखो घरांत पहाटे पोहोचणाऱ्या दुधाच्या बाटलीमागे ज्यांचे ज्ञान उभे होते, त्यांत त्यांचाही वाटा होता.

पद उशिरा, काम अखंड

अशा कर्तृत्वानंतर संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे क्रमाने येणे अपेक्षित होते. ते आले, पण सुमारे चार वर्षे उशिराने. विलंबाचे कारण त्या स्त्री असणे हेच होते, असे त्यांचे निकटवर्तीय मानत आले आहेत. बंगळूरचा तो सत्याग्रह होऊन तीन दशके उलटली होती, केंब्रिजची पदवी, राष्ट्रपतींचा पुरस्कार आणि विद्यार्थ्यांची पिढी पाठीशी होती, तरीही दाराबाहेर थांबण्याचा प्रसंग त्यांना चुकला नाही. संचालक झाल्यावर त्यांनी संस्थेचा कारभार समर्थपणे सांभाळला आणि १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण अन्नाची चिंता सुटली नाही. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. हळदीत रंग, दुधात पाणी आणि तेलात भलतेच काही, अशा भेसळीला रोज तोंड देणाऱ्या गृहिणीला शास्त्राचा आधार देणे, हा या चळवळीचा एक हेतू होता. केंब्रिजमध्ये पेशीच्या श्वसनाचे कोडे सोडविणाऱ्या विदुषीला हे काम लहान वाटले नाही.

सामान्य वाचकाला आहाराचे शास्त्र मातृभाषेतून कळावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांचे आहारगाथा हे पुस्तक त्याची साक्ष देते. योगायोग असा की, थोरल्या दुर्गाबाईंनीही खमंग या पुस्तकातून खाद्यसंस्कृतीवर लिहिले. एकीने पदार्थाची चव आणि रीत टिपली, दुसरीने त्यातले सत्त्व मोजले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली, तर मराठी स्वयंपाकघराचे पूर्ण चित्र हाती येते.

उशिराचा सन्मान

देशाच्या विज्ञानविश्वाला कमलाबाईंची आठवण व्हायला बराच काळ जावा लागला. त्यांच्या वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत गौरव करण्याचे ठरविले. १९९८ मध्ये या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीत त्यांचे निधन झाले. ज्या सन्मानाची वाट पाहण्यात त्यांनी एक क्षणही घालविला नव्हता, तो सन्मान हाती येता येता जीवनयात्रा संपावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा. २०२३ मध्ये, १८ जून या त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेक तरुणांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

कमलाबाईंचे चरित्र केवळ स्त्रीमुक्तीच्या कथेत बसविले, तर त्यांच्यावर अन्याय होईल. प्रवेशासाठी झगडणारी तरुणी हे त्यांचे एक रूप. प्रवेश मिळाल्यावर त्या ज्ञानाचे काय केले, हे त्याहून मोठे रूप. त्यांनी संशोधनासाठी प्रतिष्ठेचे विषय निवडले असते, तर मानसन्मान कदाचित लवकर आले असते. त्यांनी वाल निवडला, नीरा निवडली, भाताचे पीठ निवडले.

पेठ तालुक्याकडे पुन्हा वळून पाहिले, तर या निवडीचे मोल कळते. २०१५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस आहार देण्यासाठी अमृत आहार योजना सुरू केली. पेठसारख्या अनुसूचित क्षेत्रांतील अंगणवाड्यांतून आईच्या पानात भात, डाळ, भाजी, भाकरी आणि अंडे किंवा फळ पडावे, अशी ती कल्पना. गर्भवतीच्या आहारात पडलेली थोडीशी भर दोन जिवांना उपयोगी पडते, हे तत्त्व कमलाबाईंच्या नीरेच्या प्रयोगामागेही होते. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नागली-वरईला शहरातील दुकानांच्या मांडणीत मानाचे स्थान मिळाले. सुंदर वेष्टनातील नागलीची बिस्किटे शहरी ग्राहक आवडीने घेऊ लागला.

हे सारे चांगलेच आहे. पण नागलीचा भाव शहरात वाढत असताना ती पिकविणाऱ्या डोंगरावरच्या घरात तिच्या जागी रेशनचा तांदूळ आणि दुकानातील खाऊच्या पुड्या शिरत असतील, तर त्या गौरवाला अर्थ उरत नाही. कमलाबाईंनी अन्नाची पारख करताना नेहमी दोन प्रश्न विचारले. यात सत्त्व किती आहे, हा पहिला. ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या तोंडी ते पडते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे आज पोषणमूल्यांच्या कोष्टकात सहज सापडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही पेठच्या पाड्यावरील अंगणवाडीत, दुपारी मांडलेल्या पानांकडे पाहूनच द्यावे लागते.